किनाऱ्याजवळच्या वाळूत पाया: चौरस मीटरला १० टन धरून चालेल का?

मालवणजवळ पुळणीत दुमजली घर बांधायचंय, कंत्राटदार म्हणतो वाळू चौरस मीटरला १० टन सहज घेते, त्यावरच फुटिंगचं (कॉलम किंवा भिंतीखालच्या पसरट पायाचं) माप काढू का, असं तुम्ही विचारलंय. मी सिव्हिल इंजिनीअर आहे, पायांचीच कामं करतो. एवढ्यावर फुटिंगचं माप काढू नका.

वाळूला असा एकच आकडा नसतो. चिकणमातीसारखी ती स्वतःला धरून राहत नाही, सगळी ताकद कणाकणांतल्या घर्षणाची. म्हणून ती किती दाटून बसलीय हे आधी बघावं लागतं. आयएस ६४०३ या पायाच्या भारक्षमतेच्या भारतीय मानकात घर्षणकोन (या घर्षणाचं माप, वाळू दाट तसा तो जास्त) ३० अंश असताना क्षमतेच्या सूत्रातला फुटिंगच्या रुंदीशी जोडलेला गुणांक २२.४० आहे, ३५ अंशाला ४८.०३. पाच अंशांत दुपटीच्या वर!

मग खोली. ३० अंशांच्या कोरड्या वाळूत पट्टी फुटिंग (भिंतीखालचा लांब सलग पाया) एक मीटर खोल नेलं की अंतिम क्षमतेत (ज्या भाराला वाळू पायाखालून सरकून तुटते त्यात) चौरस मीटरला सुमारे ३० टनांची भर पडते. तेच एक मीटर रुंद केलं तर १९ च्या आसपास. (यावर सुरक्षिततेसाठी अडीच-तीनने भागायचं असतं.) खोलीचा हा फायदा बाजूच्या वाळूच्या वजनातून येतो. उद्या फुटिंगला लागूनच सेप्टिक टँक खणलात, तर तो गेला. शिवाय फार रुंद फुटिंगमध्ये वाळू तुटायच्या आधी खचण्याचीच मर्यादा गाठली जाते. सुट्या आरसीसी फुटिंगला ती ५० मिलिमीटर आहे.

तुमच्या जागेत मला खरी काळजी पाण्याची वाटते. मे महिन्यात विहिरीचं पाणी खाली असतं, आषाढात तेच पायाच्या तळाला येऊन टेकतं. पाण्याखालच्या वाळूचं प्रभावी वजन (पाण्याची उचल वजा जाता उरणारं) जवळपास निम्मं होतं. पाणी तळापर्यंत आलं की रुंदीतून मिळणारा भाग निम्मा, जमिनीपर्यंत आलं की खोलीचाही. उन्हाळ्यात बोअर मारून दिलेला अहवाल पावसाळी पातळी धरून केलाय का, हे स्पष्ट विचारा. शेजारच्या जुन्या विहिरीच्या कठड्यावर पाण्याच्या खुणा असतात, त्याही बघून ठेवा.

हद्दीला लागून कॉलम घेणार असाल तर तेही आत्ताच सांगा. दीड मीटरच्या फुटिंगवर भार मध्यापासून २५ सेंटिमीटर सरकला, की हिशेबाला एकच मीटर रुंदी उरते.

खड्डा काढताना पंप लावून पाणी उपसलं आणि तळातून वाळू उकळल्यासारखी वर यायला लागली, तर काम थांबवायला सांगा. तपासणीत मोजलेली दाट वाळू तिथे उरलेली नसते, तिच्यावर पीसीसी (सळईविना साधं काँक्रीट) ओतून काही साधत नाही. आधी खड्ड्याबाहेरून पाणी खाली ओढून घ्यायचं, तळ प्लेट कॉम्पॅक्टरने दाबून घ्यायचा, मग पुढचं. एसपीटी (बोअरमध्ये नळी ठोकून वाळूचा दाटपणा मोजायची चाचणी) निदान दोन ठिकाणी करून घ्या आणि अहवालात कोणत्या रुंदीला, किती खोलीला, कोणती पाणीपातळी धरून एसबीसी (सुरक्षित भारक्षमता) दिलीय, हे तिन्ही लिहून मागा.