मी काय खाल्लं म्हणून लेकराला असं झालं?

"मॅडम, मी काय खाल्लं म्हणून लेकराच्या अंगावर असं उठलं असंल?" लातुरात माझ्याकडं येणाऱ्या बाळंतिणींच्या तोंडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की शेवटी म्हटलं एकदा नीट लिहावंच. कुणी वांग्याचं नाव घेतं, कुणी दह्याचं, कुणी माहेरी खाल्लेल्या एका जिलेबीचं. लेकराच्या गालावर लाल चट्टे, हातापायाची कातडी खरखरीत, रात्रभर खाजवणं, आणि आई मान खाली घालून बोलतेय. मी कातडीची डॉक्टर नाही, समुपदेशक आहे, पण या बायकांची झोप उडालेली असते, रडू थांबत नसतं, म्हणून बालरोगतज्ज्ञच त्यांना माझ्याकडं पाठवतात.

त्यातल्या एका ताईचं सांगते. ओळख पटेल ते सगळं बदललंय आणि बऱ्याच भेटींमधलं मोजकंच घेतलंय. पहिलटकरीण, सासर औशाकडच्या एका खेड्यात, मुलगी पाच महिन्यांची. डॉक्टरांनी एक्झिमा, म्हणजे कातडी कोरडी पडून लाल होण्याचा आणि खाजण्याचा आजार, सांगितलेला, मॉइश्चरायझर आणि हलकं स्टिरॉइडचं मलम लिहून दिलेलं, ते मलम घरात तसंच पडून, कारण कुणीतरी स्टिरॉइड म्हटल्यावर घाबरवलं. आणि गंमत नाही, वाईट वाटतं सांगताना, त्याच घरात मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणलेली दुसरी एक ट्यूब मात्र रोज लावली जात होती, आणि तिच्यात कितीतरी जास्त कडक स्टिरॉइड होतं.

पहिल्या भेटीत मी विचारलं, जेवता काय?

"ज्वारीची भाकर अन् मुगाचं वरण."

"भाजी?"

"दोडका. नाहीतर दुधी."

दूध बंद, दही बंद, तूर, हरभरा, शेंगदाणा, तीळ, अंडं, वांगं, टमाटं, केळ, आंबट सगळं बंद. तूर सासूबाईंनी बंद केली, अंडं नणंदेनं, दूध मोबाईलवरच्या कुठल्याशा व्हिडिओनं आणि उरलेलं तिनं स्वतःच. पहिले 6 महिने अंगावर पाजणाऱ्या बाईला रोज साधारण 600 कॅलरी जास्तीच्या लागतात, ही बाई आधीच्या निम्मं पण जेवत नव्हती. बोलताना हात वर केला की बांगड्या सरळ कोपराला जायच्या.

"मग एवढं सोडून रॅश किती कमी झाला?"

"नाही झाला. अजून काहीतरी राहिलंच असंल माझ्याकडून."

हे वाक्य मी त्या दिवशी लिहून ठेवलं. सोडून गुण आला नाही तर माणूस म्हणेल की चला, हा उपाय चुकीचा होता. आई तसं म्हणत नाही, आई म्हणते मीच कमी पडले.

ती एक वही ठेवत होती, एका बाजूला खाल्लेलं, दुसऱ्या बाजूला रॅश कसा होता ते. पुढच्या भेटीत मी ती मागवली आणि आम्ही दोघींनी सतरंजीवर बसून वाचली. मी म्हटलं, रॅश कमी होता त्या दिवसांवर बोट ठेवा. एका लग्नात ती सगळं जेवलेली, वांग्याची भाजी, मठ्ठा, बुंदी, आणि नंतरचे तीन दिवस पोरगी शांत. नुसत्या मुगावर काढलेल्या आठवड्यात मात्र गाल फुटलेले. तिनंच लिहिलं होतं, तिच्याच अक्षरात, पण दिसलं नव्हतं, कारण वाईट दिवस आला की ती मागं मागं जाऊन काहीतरी सापडेपर्यंत शोधायची आणि चांगल्या दिवशी काय खाल्लं होतं हे कुणीच विचारत नव्हतं.

"पण वेळ अमावस्येला मी भज्जी अन् आंबील खाल्ली अन् दुसऱ्या दिवशी पोरगी लालबुंद, ते कसं मग?"

वेळ अमावस्या म्हणजे आमच्याकडं थंडीत रानात जाऊन जेवायचा सण. मी म्हटलं भज्जी राहू द्या बाजूला, पोरगी दिवसभर कुठं होती ते सांगा.

"रानातच की. कोपीजवळ झोपवली होती."

"खाली काय होतं?"

"कडबा. त्यावर घोंगडी. अंगात स्वेटर, लोकरीची टोपी, गार वारं होतं ना."

"सकाळी अंघोळ?"

"हरभऱ्याचं पीठ लावून. सणाचं म्हणून आत्याबाईंनी जरा जास्तच चोळली. कडक पाण्यानं."

मग ती स्वतःच थांबली. घोंगडी, लोकर, कडब्याची कूस, गार कोरडं वारं, कडक पाणी, पीठ चोळणं, एक्झिमावाल्या कातडीला चिडवायला यातलं एक पण पुरतं आणि त्या दिवशी सगळं एकदम झालेलं. वहीत त्यातलं काहीच नव्हतं, वहीत फक्त भज्जी होती. तेव्हापासून मी आयांना सांगते, वही ठेवायचीच असेल तर तुमच्या पोटात काय गेलं यापेक्षा लेकराच्या कातडीला काय लागलं ते लिहा.

पण खरी गाठ सुटली ती सासूबाई आल्या त्या दिवशी. मी मुद्दाम बोलावलं होतं. घरात बंधन घालणाऱ्या माणसाला बाहेर बसवून सुनेला शहाणपण शिकवण्यात अर्थ नसतो, ती घरी गेली की पुन्हा तेच. मावशी जरा तणतणतच आल्या, हे मॅडमचं पुस्तकी आहे, आम्ही काय लेकरं वाढवली नाहीत का. मी म्हटलं वाढवलीत म्हणूनच विचारायचंय, तुमच्या वेळी काय करायचात?

"हेच की. आमच्या ह्याच्या टायमाला मी बी वर्सभर वांगं तोंडाला लावलं नाही. सासूनं लावूच दिलं नाही."

"ह्याच्या म्हणजे?"

"हिच्या नवऱ्याच्या. त्याचे बी गाल असेच होते, खाजवून खाजवून रगत यायचं."

सुनेनं एकदम वर बघितलं. तिला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, "मग वांगं सोडल्यावर गेलं का ओ मावशी?"

त्या हो म्हणणार होत्या, तोंड उघडलं पण होतं. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. अशा वेळी समुपदेशकानं गप्प बसायचं असतं आणि ते दिसतं तेवढं सोपं नाही, कितीतरी वर्षांच्या सरावानं येतं. मी गप्प बसले.

"कशाचं जातंय माय. तीन वर्साचा होस्तवर होतंच. मधी मी वांगं खाऊ बी लागले होते. आपोआप गेलं." आणि थोड्या वेळानं, सुनेकडं न बघता, "मला बी लई बोलले होते तवा."

त्या खोलीत त्यानंतर जे झालं ते मी विसरणार नाही. सून उठून सासूच्या शेजारी जाऊन बसली. कुणी माफी मागितली नाही, कुणी रडलं नाही. मावशींनी तिच्या बांगड्या खालीवर करून बघितल्या आणि म्हणाल्या, "किती वाळलीस गं." मग बोलता बोलता अजून निघालं, की तो मुलगा आता पण सोयाबीनची रास करताना शिंकून शिंकून बेजार होतो आणि त्याच्या आजोबांना दमा होता. डॉक्टर ज्याला घराण्यातला कल म्हणतात तो हा. आईबापाकडं एक्झिमा, दमा किंवा शिंकांची ॲलर्जी असली की लेकराला एक्झिमा होण्याची शक्यता वाढते. पिढीनं पिढी एका बाईनं दुसरीच्या ताटातली वाटी काढून घेतली आणि कारण होतं लेकराच्या कातडीतच.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या विचाराला मानणारी आहे, त्रास घटनेपेक्षा आपण तिला काय अर्थ लावतो त्यातून वाढतो असं ते सांगायचे. पुरळ ही घटना आहे, "मी वाईट आई आहे" हा अर्थ आहे. तो अर्थ खोडायला मी भाषण करत नाही, पुरावा मागते, आणि माझा अनुभव असा की पुरावा बहुतेक वेळा त्याच घरात असतो, फक्त त्याला कुणी प्रश्न विचारलेला नसतो.

आता कामाचं बोलू, कारण नुसतं मन हलकं झालं म्हणून गाल बरे होत नाहीत.

आधी हे कळू द्या की बाळाच्या अंगावरचं प्रत्येक लाल म्हणजे ॲलर्जी नसते. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत येणारे लाल ठिपके बहुतेक आपोआप जातात. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत मानेच्या वळीत बारीक दाणे आले तर बऱ्याचदा घामोळ्याच, कपडे कमी करा, हवा लागू द्या. घरात अजून कुणी रात्री खाजवतंय आणि लेकराच्या तळहातावर, तळपायावर दाणे आहेत तर खरूज असू शकते, आणि तेव्हा डॉक्टर सांगतील तसा अख्ख्या घरानं एकाच वेळी इलाज करायचा असतो, एकट्या लेकराचा करून उपयोग नाही. एक्झिमा साधारण दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात सुरू होतो, गाल, कपाळ, हातापायाची बाहेरची बाजू कोरडी आणि लाल होते, लंगोटाची जागा बहुतेक वेळा सुटते. तरी निदान डॉक्टरनंच करायचं, फोटो नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकून करायचं नाही.

एक्झिमाची कातडी म्हणजे गिलावा पडलेली भिंत समजा, आतली ओल बाहेर जाते आणि बाहेरचं आत झिरपतं. म्हणून पहिला इलाज गिलाव्याचा. कोमट पाणी, पाच-दहा मिनिटांची अंघोळ, साबण बिनवासाचा आणि थोडाच. बोअरच्या जड पाण्यात फेस येत नाही म्हणून आपण साबण वाढवत जातो, ते नको. अंग टिपायचं, घासायचं नाही, आणि ओलसर असतानाच मॉइश्चरायझर भरपूर लावायचं. भरपूर म्हणजे खरंच भरपूर, छोटी ट्यूब महिनाभर पुरवायची नाही. महाग परवडत नसेल तर साधी पेट्रोलियम जेली पण चालते, उन्हाळ्यात घाम कोंडायला लागला तर पातळ क्रीम घ्या. पीठ, हळद, उटणं, मोहरीचं तेल, कडुनिंबाचा पाला उकळून, हे फुटलेल्या कातडीवर नको. धुरी तर नकोच. लोकर अंगाला थेट लागू द्यायची नाही, आत सुती झबलं. नखं कापलेली ठेवा.

डॉक्टरांनी दिलेलं हलकं स्टिरॉइड सांगितलेल्या जागी, सांगितले तेवढेच दिवस लावलं तर ते औषध आहे, भीतीनं लावायचं टाळलं तर लेकरू खाजवत राहतं. मनानं आणलेली ट्यूब मात्र कचऱ्यात टाका. 2018 मध्ये सरकारनं असली बरीच स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत घातली, तरी ती सर्रास मिळतात.

मग अन्नाची ॲलर्जी नसतेच का? असते. आईच्या जेवणातला अगदी थोडा अंश दुधात उतरतो आणि काही मोजक्या बाळांना त्याचा त्रास होतो, त्यात गाई-म्हशीच्या दुधातलं प्रोटीन पहिलं. पण तिथं नुसता गाल लाल नसतो, शीमध्ये रक्त किंवा शेंबडासारखं, सारख्या उलट्या, वजन न वाढणं असं काही सोबत दिसतं. तसं असेल तर डॉक्टर एकच पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करायला सांगतात आणि नंतर पुन्हा सुरू करून बघतात. ते पुन्हा सुरू करणं आपल्याकडं कुणी करतच नाही, बंद म्हणजे कायमचं बंद. आणि एकदम कितीतरी पदार्थांची ॲलर्जी बघणाऱ्या रक्ताच्या मोठ्या तपासणीला (ॲलर्जी पॅनेल) आपल्या मनानं पैसे घालू नका, रिपोर्टमध्ये पॉझिटिव्ह आलेला पदार्थ लेकराला बाधतोच असं नसतं.

बाळानं स्वतः काही खाल्ल्यावर काही मिनिटांपासून दोनेक तासांत गांधी उठल्या, उलटी झाली तर डॉक्टरांकडं न्या. ओठ-जीभ सुजली, श्वासाला घरघर लागली, लेकरू एकदम मलूल पडलं तर 108 ला फोन करा, लिंबू उतरवत बसू नका. आणि एक्झिमावर पिवळी खपली, पू किंवा पाण्याचे फोड आणि ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.

शेंगदाण्याचं वेगळं सांगते, कारण आपल्या जेवणात तो रोजचा. घाबरून तो वर्षानुवर्षं लांब ठेवायचा सल्ला आता मागं पडलाय. लंडनमध्ये 640 बाळांवर झालेला अभ्यास 2015 मध्ये आला, बाळं सगळी एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली. ज्यांना वर्षाच्या आतच शेंगदाणा देणं सुरू केलं त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी न देणाऱ्यांपेक्षा साधारण 80 टक्के कमी निघाली. त्यामुळं 6 महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू झालं की बारीक कूट पातळ खिमटीत कालवून थोडं द्या, एक्झिमा जास्त असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. अख्खा दाणा पाच वर्षांचं होईपर्यंत नाही, घशात अडकतो.

त्या ताईंची मुलगी आता घरभर रांगते. रॅश गेला असं मी म्हणणार नाही, थंडीत गाल फुटतात, दात येताना लाळेनं हनुवटी लाल होते, आणि बऱ्याच लेकरांचा शाळेत जायच्या वयापर्यंत कमी होत जातो हे तिला आता माहितीये. रात्रीचं क्रीम लावायचं काम नवऱ्याकडं दिलंय, ते मी आवर्जून द्यायला लावते, लेकराच्या कातडीची सगळी जबाबदारी एकट्या बाईवर राहिली की दोष पण तिच्याच वाट्याला येतो. मावशी तुरीचं वरण स्वतः वाढतात.

आणि ज्या बाळंतिणीला लेकरू झोपलं तरी झोप लागत नाही, रडू येतंय, आपण नसतो तर बरं झालं असतं असं मनात येतंय, तिनं रॅश जायची वाट बघायची नाही. टेली मानस या सरकारी मानसिक मदतीच्या सेवेचा 14416 हा नंबर रात्री पण चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तिला फोन हातात घेववत नसेल तर घरातल्या कुणीतरी लावून द्यावा.