आधी दोरी, मग गठ्ठा

अवजारांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्याकडे दहा दुभती गुरं आहेत. घाटावरून पेंढ्याचे गठ्ठे येतात आणि ते ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणाऱ्या श्रेडरमध्ये, म्हणजे पेंढा बारीक करणाऱ्या यंत्रात, आम्ही फोडतो. यंत्र रोज एकदा तरी तुंबतं. माझे दीर इंजिन चालूच ठेवतात, फक्त पीटीओ सोडवतात आणि हात घालून गुंता काढतात. सासूबाई शेजारीच सांडलेला पेंढा गोळा करत असतात. शिअर बोल्ट सारखा तुटायचा, म्हणून आता तिथे कडक बोल्ट घातलाय. मला भीती वाटते, पण घरात ‘तुला यंत्रातलं काय कळतं’ म्हणतात. – एक वाचक, सत्तरी

उत्तर : ताई, यंत्रातलं जे कळायला हवं ते तुम्हाला बरोबर कळलंय. हे उत्तर दिरांना वाचायला द्या.

भाऊ, आधी तुमच्याशी बोलतो. श्रेडर व्यवस्थित चालू असताना माणूस त्याच्या तोंडात हात घालत नाही. घालतो तो तुंबल्यावर. आणि पीटीओ सोडवला म्हणजे रोटर (पाती बसवलेला आतला दंड) थांबला असं होत नाही. जड रोटर आपल्या वेगाने बराच वेळ फिरत राहतो. गच्च तुंबून थांबला असला तरी पेंढ्याच्या ताणाखाली असतो, गुंता सुटला की झटका देऊन फिरतो. शिवाय इंजिन चालू असेल तर लिव्हरला कुणाचा धक्का लागला तरी पुरे. म्हणून क्रम एकच ठेवा : वेग कमी, पीटीओ बंद, हँडब्रेक, इंजिन बंद, किल्ली खिशात. किल्ली ट्रॅक्टरला नाही, ज्याचा हात आत जाणार त्याच्याच खिशात. मग पाती उभी राहिलेली डोळ्यांनी पाहा आणि त्यानंतरही बोटांऐवजी लांब दांड्याचा आकडा वापरा.

सासूबाईंची जागा मला सगळ्यात जास्त टोचली. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. ट्रॅक्टर आणि यंत्र जोडणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटचा घेर फूटभर धरला तरी सेकंदाला ९ फूट कापड गुंडाळलं जातं. पाचवारी साडी दोन सेकंदांच्या आत संपते. पदर सोडवायला, ओरडायला, कुणी धावत यायला वेळच उरत नाही. शाफ्ट फिरत असताना त्याच्या आसपास कुणीही नको, आणि शाफ्ट ओलांडून तर कधीच जायचं नाही. सांडलेला पेंढा काम आटोपल्यावर गोळा करता येतो.

शाफ्टवर प्लॅस्टिकचं कव्हर आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्या वर्कशॉपात येणारे निम्मे शाफ्ट तरी उघडेच असतात. ग्रीस भरताना अडचण होते म्हणून कव्हर काढून ठेवलेलं असतं. ते परत चढवा. इंजिन बंद असताना हाताने फिरवून बघा, शाफ्टवर मोकळं फिरायला हवं. त्याच्या टोकाच्या साखळ्या ट्रॅक्टरला आणि यंत्राला अडकवा. साखळी नसेल तर कव्हर शाफ्टबरोबरच फिरतं, म्हणजे असून नसल्यासारखं.

आता कडक बोल्ट. तो आजच काढा. शिअर बोल्ट तुटण्यासाठीच बसवलेला असतो, यंत्र अडलं की आधी तो जातो आणि बाकीचं वाचतं. गेल्या पावसाळ्यात असाच कडक बोल्ट घातलेलं एक यंत्र माझ्याकडे आलं होतं. बोल्ट शाबूत होता. जॉइंटचा क्रॉस (आतला फुलीसारखा तुकडा) फुटला होता आणि गिअरबॉक्समधले दोन दात गेले होते. पुस्तिकेत जो ग्रेड दिलाय तोच घ्या, ग्रेड बोल्टच्या डोक्यावर कोरलेला असतो. आणि बोल्ट का तुटतोय ते शोधा.

माझा अंदाज दोरीवर आहे. तुम्ही गठ्ठा दोरीसकट टाकत असणार. ती प्लॅस्टिकची दोरी पात्यांनी धड कापली जात नाही. रोटरवर गुंडाळते, हळूहळू सरकत कडेला बेअरिंगपाशी जाते. तिथे घासून तापते, वितळते आणि तिचं काचेसारखं कडक काळं कडं तयार होतं. ते सील उचलतं, ग्रीस बाहेर येतं, भुसा आत जातो. मग बेअरिंग तापतं, आणि तापलेल्या बेअरिंगभोवती कोरडा भुसा असला की आग लागायला वेळ लागत नाही. कितीतरी वेळा ते कडं मला छिन्नीने फोडून काढावं लागलंय.

चौकोनी गठ्ठ्याची दोरी गाठीला लागून कापा, गाठ मुठीत धरा आणि ओढा. गाठ हातात आली म्हणजे दोरी पुरी आली. गोल गठ्ठ्यावर वेढे बरेच असतात; ते सगळे एका रेषेत कापून मूठभर एकदम ओढायचे. दोऱ्या टाकायला खांबाला एक पोतं बांधून ठेवा. यात गाईचाही जीव आहे. दोरीचा तुकडा पोटात गेला तर तो पचत नाही, कोठीपोटात साठून गोळा होतो. गठ्ठ्यात तार दिसली तर तीही तिथेच वेचा. जाळीपोटातून ती थेट काळजापर्यंत टोचत जाते.

दुसरं कारण ओल. आपल्याकडे जुलैत ताडपत्रीखालचा पेंढासुद्धा जमिनीतून दमट होतो, आणि दमट पेंढा तुटण्याऐवजी पिळा होऊन रोटरला बसतो. गठ्ठे पोफळीच्या रिपांवर रचा, भिंतीपासून हातभर लांब. पीटीओला पुरा वेग आल्यावरच गठ्ठा घाला, तोही थोडा थोडा.

देखभालीत फार काही नाही. क्रॉसना दर आठ तास कामामागे ग्रीस. शाफ्टच्या एकात एक सरकणाऱ्या दुहेरी नळीला ग्रीस, नाहीतर खाऱ्या हवेत ती गंजून अडकते. पाती बदलताना समोरासमोरची जोडी एकदम बदला. एकच नवं घातलं तर रोटरचा तोल जातो, यंत्र थरथरतं आणि बेअरिंग खातं.

प्रश्न : गठ्ठा फोडताना पांढरी धूळ उडते. वडलांना संध्याकाळी ताप आणि खोकला येतो. रुमाल बांधून चालेल का? – एक वाचक, पेडणे

उत्तर : रुमालाने भागणार नाही, ती बुरशीची धूळ आहे. तिने फुफ्फुसाला सूज येते. काम केल्यावर काही तासांनी ताप-खोकला येणं ही त्याचीच खूण असू शकते, म्हणून वडलांना डॉक्टरकडे न्या आणि पेंढ्याचं आवर्जून सांगा. तोवर त्यांना या कामापासून लांब ठेवा. जो काम करील त्याने एन-९५ मास्क लावावा आणि यंत्र गोठ्याबाहेर, वाऱ्याकडे पाठ होईल असं उभं करावं. धुराच्या दृष्टीनेही बंद गोठ्यात ट्रॅक्टर चालवू नयेच.

कुबट वास येणारा गठ्ठा गुरांना घालू नका. काही बुरशींचं विष दुधात उतरतं. श्रेडरमध्ये घालून धूळ उडवण्यापेक्षा तो पाणी मारून माडाच्या आळ्यात पसरा.