अमोलाइट, अंबर अशा जीवाश्म रत्नांच्या खाणकामात आणि विक्रीत तंत्रज्ञानाचा खरा उपयोग कुठे होतो?

तुम्ही विचारलंय की ड्रोन, जमिनीखालचं दाखवणारं रडार, एआय आणि ब्लॉकचेन (गुपचूप बदलता न येणारी डिजिटल नोंदवही) यांपैकी पैसे आधी कशात घालावेत. मी रत्नांची तपासणी आणि फोटोग्राफी करतो, आणि त्यातही ही जीवाश्म रत्नं माझ्या खास जिव्हाळ्याची. माझं मत असं की यांपैकी कशातच आधी घालू नका. तुकडा जमिनीतून निघतो त्या क्षणी त्याला नंबर देऊन त्याची जागा, थर आणि फोटो नोंदवायची व्यवस्था आधी उभी करा.

असं का म्हणतो ते अमोलाइटवरून सांगतो. अमोलाइट म्हणजे अमोनाइटच्या शंखाचा रंग खेळवणारा थर. अमोनाइट हे माकुळाच्या नात्यातले, शंखात राहणारे समुद्री जीव. कॅनडातल्या अल्बर्टाच्या दक्षिण भागात सुमारे 7 कोटी वर्षांपूर्वी ते समुद्रतळाच्या चिखलात गाडले गेले. त्या चिखलाचा शेल नावाचा थराथरांचा खडक झाला, त्याला बेअरपॉ फॉर्मेशन म्हणतात. शंखाचं मूळ खनिज अॅरागोनाइट. जगात बहुतेक ठिकाणी एवढ्या काळात त्याचं कॅल्साइट हे दुसरं खनिज होऊन जातं. इथे ते टिकलं, आणि त्याच्या एकावर एक बसलेल्या पातळ पापुद्र्यांमुळे रंग खेळतात. 1981 मध्ये सीबजो या दागिने-व्यापाराच्या जागतिक संघटनेने अमोलाइटला रत्न म्हणून मान्यता दिली.

आता रडार. ऐकायला भारी वाटतं, पण चिकणमातीत रडारच्या लहरी फार खोल जात नाहीत, वरच्यावर विरून जातात. आणि बेअरपॉ म्हणजे जवळजवळ सगळी चिकणमातीच. त्यापेक्षा थर ओळखणं जास्त कामाचं. या शेलमध्ये ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या बेंटोनाइट नावाच्या मातीचे फिकट पट्टे आहेत. बोअरचे नमुने काढून ते पट्टे जुळवले की अमोनाइट असलेला थर कुठे वर येतो, कुठे खाली जातो याचा अंदाज बांधता येतो. ड्रोनचे फोटो जोडून खड्ड्याच्या भिंतीचं त्रिमितीय मॉडेल करणं हे याच कामाला हातभार लावतं, म्हणून ड्रोनवर केलेला खर्च मला पटतो.

पण शेवटी शंख दिसतो तो माणसाच्या डोळ्यालाच. पोकलेन थर खरवडत जातो आणि शेजारी उभा असलेला माणूस मातीत काही चमकतंय का ते बघत असतो. त्या माणसाच्या हातातला फोन हे माझ्या मते या सगळ्या धंद्यातलं सगळ्यात मोलाचं यंत्र आहे. जागा, खोली, कुठल्या पट्ट्याच्या किती वर, शंख कुठल्या बाजूने पडला होता, हे सगळं त्या दोन मिनिटांतच कळतं. बकेट पुन्हा फिरलं की ती माहिती कायमची गेली. 2007 मध्ये अशाच अमोलाइटच्या खाणीत एका लांब मानेच्या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा सांगाडा सापडला. 2012 मध्ये त्याला अल्बर्टोनेक्टेस असं नाव मिळालं. त्याच्या मानेत 76 मणके होते! कामगाराने वेळेवर ओळखलं नसतं तर ते मणके मातीच्या ढिगात गेले असते. शिवाय अल्बर्टात जीवाश्म मुळात प्रांताच्या मालकीचे असतात; ते विकायचे तर आधी सरकारी प्रमाणपत्र लागतं आणि देशाबाहेर न्यायला वेगळा परवाना. ज्याची नोंद पहिल्या मिनिटापासून चोख आहे, त्याचे हे कागदही सुरळीत होतात.

बाहेर काढल्यावरही घाई असते. ओला शेल सुकू लागला की पापुद्रे सुटतात, म्हणून तुकड्यात रेझिन मुरवून तो आधी पक्का करतात. रंगाचा थर बहुधा एक मिलिमीटरही नसतो आणि कठिणपणा मोह्जच्या 1 ते 10 च्या मापात 4 च्या आसपास. म्हणून दागिन्यात जाणारा खडा बऱ्याचदा डब्लेट असतो, म्हणजे पाठीला दुसरा दगड चिकटवलेला. किंवा ट्रिप्लेट, म्हणजे वरून स्पिनेल, क्वार्ट्झ किंवा काचेची टोपी बसवलेली. यात फसवणूक काही नाही, सांगितलं नाही तर मात्र आहे. खडा आडवा धरून दहापट भिंगातून कड बघा: वरची पारदर्शक टोपी, मधली रंगीत रेघ आणि खाली काळपट पाठ स्पष्ट दिसते, आणि कधीकधी डिंकात अडकलेला एखादा बुडबुडाही. हा कडेचा फोटो विक्रीच्या पानावर असलाच पाहिजे, याबाबतीत मी हट्टी आहे.

विक्रीत मी स्वतः चुकलोय. एका अमोलाइटचा सुंदर हिरवा फोटो काढला. गिऱ्हाईकाने घेतला आणि परत पाठवला, कारण त्यांच्या खिडकीपाशी तो तांबूस दिसत होता. त्यांचं बरोबर होतं. रंग कोनावर ठरतो. खडा थोडा कलवला की हिरव्यावरून निळ्याकडे सरकतो, आणखी कलवला की विझतो. एका फोटोत हे मावत नाही. तेव्हापासून मी फिरत्या चकतीवर, एकच दिवा एकाच जागी ठेवून, सावकाश फिरणारा व्हिडिओ काढतो. कुठल्या कोनात खडा विझतो तेही त्यात दिसू देतो. परत येणारे खडे जवळपास थांबले.

अंबरचं, म्हणजे झाडाच्या जीवाश्म झालेल्या राळेचं, थोडक्यात सांगतो. तिथे खरा प्रश्न अंबर म्हणून खपवल्या जाणाऱ्या कोपलचा (अजून पुरती न मुरलेली कोवळी राळ) आणि प्लास्टिकचा. मिठाच्या पाण्यात तरंगणं ही चाचणी अपुरी आहे, कारण कोपलही तरंगतं. इन्फ्रारेड वर्णपटात, म्हणजे अवरक्त प्रकाश कुठे किती शोषला जातो त्या आलेखात, मात्र बाल्टिक अंबरची एक सपाट पायरी दिसते, तिला बाल्टिक शोल्डर म्हणतात, आणि त्यावरून ओळख बरीच पक्की होते. आत कीटक असेल तर घासण्याआधी मायक्रो-सीटी, म्हणजे क्ष-किरणांनी आतलं बारीक त्रिमितीय चित्र, करून घ्या. पैलू कुठून पाडायचा ते ठरतं, आणि तो नमुना अभ्यासकांकडे जायला हवा का हेही कळतं. म्यानमारच्या अंबरमागे सशस्त्र संघर्ष आहे. म्हणून 2020 मध्ये पृष्ठवंशी जीवाश्मांच्या अभ्यासकांच्या संघटनेने 2017 नंतर बाहेर आलेल्या तिथल्या अंबरवरचं संशोधन छापू नये असं आवाहन केलं. तुकडा कुठल्या खड्ड्यातून आणि कधी निघाला, हा प्रश्न त्यामुळे नुसता किमतीपुरता राहत नाही.

ब्लॉकचेनची अडचणही इथेच. पुढची खाडाखोड ते पकडेल, पण खड्ड्यापाशी पहिलीच नोंद खोटी झाली तर ते तीच खोटी नोंद जपून ठेवील. नोंदीला दगडाशी बांधायचं तर दगडाचीच खूण हवी: कडेचा फोटो, भेगांची नक्षी, वर्णपट. तेवढं असेल तर साधी तक्ता-वहीसुद्धा पुरते.

आणि एआय? रंग आणि प्रतवारी लावायला ते शिकवता येईल, पण एकाच दिव्याखाली काढलेले, नंबर लावलेले हजारो व्हिडिओ आधी हातात हवेत. म्हणून चकती आणि दिवा आजच घ्या. एआयचं दोन हंगामांनंतर बघू.