वाचकांचे प्रश्न : मनाच्या गोळ्या आणि ईसीजीतला 'क्यूटी'

प्रश्न : आईचं वय ६८. डिप्रेशनसाठी दोन वर्षं एस्सिटालोप्रॅम २० मिलिग्रॅम चालू आहे, बीपीसाठी हायड्रोक्लोरोथायाझाइड असलेली गोळी. मे महिन्यात जुलाब-उलट्या झाल्या, तेव्हा लिव्होफ्लॉक्सासिन आणि ओंडान्सेट्रॉन दिलं. तिसऱ्या दिवशी चक्कर आली. ईसीजीच्या कागदावर ठोके १००, क्यूटी ३६०, क्यूटीसी ४६५ असं छापून आलंय. गोळी बंद करू का?
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : परस्पर बंद करू नका. एस्सिटालोप्रॅम एकदम तोडलं तर त्यानेही चक्कर येते, झोप उडते. मग कुठली चक्कर कशाची हेच कळेनासं होतं. मात्र ६५ च्या पुढे सहसा १० मिलिग्रॅमवर थांबतात. तेव्हा मात्रा उतरवण्याबद्दल मानसोपचारतज्ज्ञांना याच आठवड्यात भेटा.

प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, तेव्हा त्या पुढच्या ठोक्याला तयार होतात. काही औषधं नेमकी ही वाट अडवतात. तयारीला वेळ लागतो, आणि कागदावर क्यूटी, म्हणजे ठोका सुरू झाल्यापासून ही तयारी पुरी होईपर्यंतचा मिलिसेकंदांतला वेळ, लांबतो. त्या अर्धवट अवस्थेत अवेळी ठोका पडला, तर 'टोर्साद द प्वांत' नावाची भरधाव, वेडीवाकडी लय सुरू होऊ शकते. माणूस कोसळतो तो त्यामुळे.

आईच्या बाबतीत एकट्या गोळीवर खापर फोडता येणार नाही. लिव्होफ्लॉक्सासिन आणि ओंडान्सेट्रॉन हीही तीच वाट अडवणारी. त्यात जुलाबांतून पोटॅशियम गेलं, बीपीच्या गोळीने लघवीतून गेलं. आणि रक्तात ते कमी असलं की ही अडवणूक आणखी घट्ट होते. ॲसिडिटीची कॅप्सूलही तपासा. नावाच्या शेवटी 'डी' किंवा 'डीएसआर' असेल तर त्यात बहुधा डॉम्पेरिडोन असतं, तेही याच टोळीतलं. ओमेप्राझोल असेल तर त्याने एस्सिटालोप्रॅमची रक्तातली पातळी चढते.

आता तो ४६५, म्हणजे क्यूटीसी : ठोक्यांच्या वेगाचा हिशेब धरून दुरुस्त केलेला क्यूटी. यंत्र बहुतेक वेळा बॅझेटच्या सूत्राने हिशेब करतं, आणि ठोके जलद असले की ते सूत्र आकडा फुगवतं. हाच कागद फ्रिडेरिशियाच्या सूत्राने मांडला तर ४२७ येतो. बायकांमध्ये साधारण ४६० पर्यंत चालतं. म्हणून अर्धा तास शांत पडून, ठोके ७०-८० वर आल्यावर ईसीजी पुन्हा काढा आणि क्यूटी डॉक्टरांना हाताने मोजायला सांगा : नेहमीच्या २५ मिलिमीटर वेगाला एक बारीक चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद. आकडा ५०० च्या वर गेला, किंवा जुन्या ईसीजीपेक्षा ६० ने वाढला, तर वाट पाहायची नाही, लगेच डॉक्टरांना गाठायचं. जुना ईसीजी घरात असेल तर तो न्याच. तुलनेला त्याच्यासारखं काही नाही.

सोबत रक्तातलं पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासा. पोटॅशियम ४ च्या वर हवं. पुन्हा जुलाब लागले तर ओआरएस द्या, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. नुसत्या लिंबू-सरबताने पोटॅशियम भरून येत नाही. मात्रा बदलल्यावर एक-दोन आठवड्यांनी ईसीजी परत. कुठलीही पूर्वसूचना न देता शुद्ध हरपली किंवा झटके आले, तर १०८ ला फोन.

प्रश्न : भाऊ यंत्रमागावर काम करतो, मनाच्या चढउतारांसाठी लिथियम घेतो. त्याचाही क्यूटीवर परिणाम होतो का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : लिथियमचा त्रास जास्त करून ठोके मंदावण्याचा. नाडी ५० च्या खाली जात असेल, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर ईसीजी काढाच. पण कारखान्यातल्या उकाड्यात खरी भीती लिथियमची रक्तातली पातळी चढण्याची आहे. घाम गेला, पाणी कमी पडलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं. मीठ एकदम तोडलं तरी तेच; शेंगाचटणी अचानक बंद करायला लावू नका. अंगदुखीला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक नको, पॅरासिटामॉल चालेल. हात जोरात थरथरणं, उलट्या, चालताना तोल जाणं ही पातळी चढल्याची लक्षणं. तेव्हा पुढची गोळी न देता थेट दवाखाना. एरवी पातळीचं रक्त रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं, सकाळची गोळी घेण्याआधी.