केसपेपरची रांग आणि युनिटचा वार

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातील एका खेड्यात राहतो. आईला गुडघेदुखी आणि रक्तदाबाचा त्रास असल्याने तिला पहाटेच्या एसटीने शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेले. केसपेपर काढण्यातच दीड तास गेला, डॉक्टरांनी तीन मिनिटांत तपासले आणि एक्स-रे मिळेपर्यंत ओपीडी बंद झाली. पुढच्या खेपेला दुसरेच तरुण डॉक्टर होते; त्यांना सगळे पहिल्यापासून सांगावे लागले. असे का व्हावे?

उत्तर : अध्यापक म्हणून बाह्यरुग्ण विभागात अनेक वर्षे बसलेलो असल्याने आपल्या आईंचा त्रास मला अनोळखी नाही, आणि ‘गर्दी फार असते’ एवढे सांगून आपली बोळवण करणे योग्य होणार नाही.

आधी त्या दुसऱ्या डॉक्टरांविषयी. अध्यापन रुग्णालयात मेडिसिन, सर्जरी, अस्थिरोग या विभागांची युनिटे, म्हणजे डॉक्टरांची ठरावीक पथके, असतात आणि प्रत्येक युनिटचे ओपीडीचे वार ठरलेले असतात; सोमवारी ज्यांनी तपासले ते मंगळवारी वॉर्डात किंवा शस्त्रक्रियागृहात असतात. पद्धत चांगली आहे, परंतु तो वार रुग्णाला समजेल असा सांगितला जात नाही, ही आम्हा डॉक्टरांची उणीव आहे. केसपेपरच्या कोपऱ्यात घाईने लिहिलेले युनिटचे अक्षर धडगावकडून आलेल्या, पावरी बोलणाऱ्या आजींना कसे उमगावे? सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाला महिनोन्‌महिने गोळ्या घ्याव्या लागतात, रक्ताची तपासणी वारंवार करावी लागते. त्याच्या बाबतीत दरवेळी नवा डॉक्टर भेटणे ही केवळ गैरसोय राहत नाही.

गर्दीचे मूळ मात्र रुग्णालयाच्या बाहेर आहे. जळगावला २०१८ मध्ये आणि नंदुरबारला २०२० मध्ये शासकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा तेथील जिल्हा रुग्णालयच त्याला जोडले गेले. त्यामुळे साधा खोकला आणि गुंतागुंतीचा आजार एकाच खिडकीशी येतात, आणि त्याच डॉक्टरांनी रुग्ण तपासत विद्यार्थ्यांना शिकवायचे असते. जुन्या महाविद्यालयांत पदव्युत्तर शिक्षण घेणारे निवासी डॉक्टर ओपीडीचा मोठा भार उचलतात. नव्या ठिकाणी ते अभ्यासक्रम सुरू होऊन स्थिरावेपर्यंत हे हात अपुरेच पडतात. वास्तविक मैदानी भागात ३० हजार आणि आदिवासी, डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. तेथे डॉक्टर हजर आणि औषध शिल्लक असेल, तर रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी कोणी पहाटेची एसटी धरणार नाही. शिवाय त्या गाड्या सकाळीच पोहोचतात आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून प्रत्येकाला लवकर मोकळे व्हायचे असते. म्हणून नऊ ते अकरा या वेळेत खिडकीवर सर्वांत अधिक ताण येतो. ऑक्टोबर २०२२ पासून आभा या डिजिटल आरोग्य खात्याद्वारे क्यूआर कोड स्कॅन करून नोंदणी करण्याची सोय आली आहे. ती असेल तेथे रांग कमी होते, पण साधा मोबाइल वापरणाऱ्यांसाठी मदतीला माणूस उभा करावाच लागतो, आणि ते खर्चाचे काम नाही.

आईंच्या रक्तदाबाची नियमित तपासणी आणि गोळ्या जवळच्या आरोग्य केंद्रातून घ्याव्यात. गुडघ्यासाठी पुन्हा जाताना जुना केसपेपर व एक्स-रे सोबत न्यावा, आणि निघण्यापूर्वी ‘आमचे युनिट कोणते, त्याचे वार कोणते’ असे स्पष्ट विचारून ते मराठीत लिहून मागावे. हे विचारण्यात संकोच बाळगू नये. सांगण्यास कोणी टाळाटाळ केली, तर रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटावे.