पॅलिएटिव्ह टीममध्ये इतकी माणसं कशाला?

तुम्ही विचारलंय की कर्करोगामुळे आई दाखल आहे, पॅलिएटिव्ह केअरची (गंभीर आजारात दुखणं आणि त्रास कमी करणारी) टीम बोलावल्यापासून रोज चार-पाच वेगळी माणसं येतात आणि तेच तेच विचारतात. मग डॉक्टरांनी हात टेकले का? आणि एक चांगला डॉक्टर पुरला नसता का?

मी अशाच एका टीममध्ये सिस्टर आहे. हात टेकलेत असं यावरून अजिबात समजू नका. कर्करोगावरचे उपचार आणि पॅलिएटिव्ह केअर बरोबरीने चालतात. अमेरिकेत फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. निदानानंतर लगेच दोन्ही सुरू झालेल्या रुग्णांचे दिवस जास्त सुसह्य गेले, उदासी कमी राहिली. नुसत्या उपचारांवर असलेल्यांपेक्षा ते जगलेही जास्त : मध्यक (निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जगले तो काळ) ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने.

आता एका डॉक्टरचं. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था) सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, मग डॉक्टर. तिन्ही कामं येणाऱ्या बाईंनीही टीमच उभी केली. दुखणं शरीराचं, मनाचं, घरच्या काळज्यांचं आणि ‘हे माझ्याच वाट्याला का’ या प्रश्नाचंही असतं, आणि ते सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं, हे त्यांनी मांडलं.

आमच्याकडे एक गृहस्थ होते, हाडांत कर्करोग पसरलेला. मॉर्फिन दोनदा वाढवलं. दिवसा गुंगी वाढली, पण रात्रीचं कण्हणं थांबेना. फिजिओथेरपिस्टच्या लक्षात आलं की कळ येते ती कुशीवर वळवताना. म्हणून चादर बदलायच्या अर्धा तास आधी जादा डोस द्यायचं ठरलं. तरी पहाटे ते जागेच. शेवटी समाजसेवकाजवळ बोलले : डोक्यावर कर्ज होतं आणि बायकोला त्याचा पत्ता नव्हता. समाजसेवकाने दोघांना एकत्र बसवलं, कागदपत्रं लावून दिली. दुखणं संपलं नाही, पण पुढच्या आठवड्यात मॉर्फिन थोडं कमी करता आलं. यातलं कर्जाचं मला कधीच कळलं नसतं. मी औषधाची ट्रे घेऊन येणारी, माझ्याशी ते फक्त कळांबद्दल बोलायचे.

आहारतज्ज्ञ, समुपदेशक, फार्मासिस्ट हेही गरजेप्रमाणे येतात. मॉर्फिनबरोबर बद्धकोष्ठाचं औषध लिहिलंय ना, हे बघणारं कोणी असणं फार मोलाचं असतं.

पण माणसं जास्त म्हणजे टीम चांगली, असं मी म्हणणार नाही. आमची एक चूक अजून सलते. डॉक्टरांनी एका रुग्णाच्या मुलाला सांगितलं होतं की आता नळीने अन्न देऊन उपयोग नाही. मला ते माहीत नव्हतं, मी सहज म्हणून गेले की नळी उद्या घालतील. मुलगा जिन्यात बसून रडला. आम्ही आपसात बोललो नव्हतो, एवढंच त्यामागचं कारण. आता रोज सकाळी प्रत्येक रुग्णाबद्दल सगळे एकत्र बोलतो आणि ठरलेलं एकाच फाइलमध्ये लिहितो.

तेव्हा तुम्ही ‘आमच्यासाठी समन्वय कोण बघतंय?’ हे विचारा. उत्तरात एक नाव मिळायला हवं. तेच तेच सांगून आई थकत असेल, तर तसं स्पष्ट म्हणा, त्यात उद्धटपणा नाही. घरच्यांची आणि टीमची एकत्र बैठक मागा, प्रश्न आधी कागदावर लिहून न्या. दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या तर त्याच दिवशी विचारा, मनात ठेवू नका. घरी सोडायच्या आधी मॉर्फिन पुढे कुठून मिळेल आणि रात्री दुखलं तर फोन कोणाला करायचा, हे नंबरासकट लिहून घ्या. शक्यतो आईसमोरच विचारा, तिलाही ऐकायचं असेल.