डिश अँटेना पॅराबोलाच्याच आकाराची का असते, साधी गोल वाटी का चालत नाही?
कारण अक्षाला समांतर येणारे सगळे सिग्नल पॅराबोला म्हणजे अन्वस्त एकाच बिंदूवर, नाभीवर आणतो, गोल वाटीत कडेचे किरण अलीकडेच अक्षाला छेदतात त्यामुळे सिग्नल पसरतो. शिवाय पॅराबोलात कुठेही आपटून आले तरी सगळ्यांचं अंतर सारखंच भरतं म्हणून लहरी एकमेकींना मारत नाहीत, मला तर हे फारच सुंदर वाटतं! नाभी काढायची तर व्यासाचा वर्ग भागिले खोलीची १६ पट, म्हणजे ८० सेंमी रुंद, १० सेंमी खोल डिशला तळापासून ४० सेंमीवर. नारायणगावजवळ खोडद परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश याच तत्त्वावर चालतात. फक्त घरच्या डीटीएच छत्रीला हे सूत्र लावू नका, ती पॅराबोलाचा बाजूचा तुकडा असते, म्हणून तर तिचा एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा भाग, मधोमध नसून खाली दांडीवर असतो.